विहिरीच्या दगडात मासा सापडतो का?



एका उन्हाळ्यात पारनेरच्या बाजूला एका वस्तीवर जाण्याचा योग आला. विहिरीचे काम चालू होते. मुरूम संपून पाषाण लागला होता आणि सुरुंगाचे दगड काठावर रचून ठेवले होते. चहा झाल्यावर विहिरीचे मालक आत गेले आणि फडक्यात गुंडाळलेला एक दगड घेऊन आले. दगडाच्या सपाट अंगावर काळसर नक्षी होती. मधे एक कणा, दोन्ही बाजूंना बारीक बारीक काटे. दगडाला हळदकुंकू लागलेले होते.

"हा माशाचा काटा आहे का नाही, तुम्हीच सांगा," ते म्हणाले. "आमची म्हातारी म्हणते, हा मत्स्यावतार आहे. तालुक्याला एक जण म्हणाला, ह्याचे लाखभर रुपये येतील. खरे काय ते सांगा."

खरे सांगावे तर तो मासा नव्हता. मी तसे सांगितले, आणि त्यांचा चेहरा उतरला. विहिरीवर कर्ज काढलेले, पाणी अजून लागलेले नाही, अशा वेळी माणूस दगडाकडेसुद्धा आशेने पाहतो. त्या दिवशी दोन शब्दांत जे नीट सांगता आले नाही, ते आज सविस्तर सांगतो. कारण असा दगड तुमच्यापैकी कोणाच्या घरी असेल, नाहीतर उद्या निघेल.

आपला खडक काय सांगतो?

आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, विहीर खणताना काय काय लागते ते मी तुम्हाला सांगायला नको. वर काळी किंवा बरड माती, तिच्याखाली मुरूम, मग कुठे ठिसूळ मांजऱ्या, कुठे टणक काळा पाषाण. मधेच एखादा तांबड्या मातीचा थर. पाषाणाच्या पोकळीत कधी कधी पांढरेशुभ्र, काचेसारखे खडे निघतात.

हा सगळा खडक एके काळी वितळलेला रस होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि तप्त शिलारस बाहेर आला. एक थर पसरला, थंड झाला, त्यावर दुसरा आला. असे थरावर थर चढून आपले दख्खनचे पठार झाले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख या खडकाखाली आहे. दोन थरांच्या मधे जेवढा काळ गेला, तेवढ्या काळात वरचा खडक झिजून माती झाली. पुढच्या रसाने ती झाकली. तोच तुमच्या विहिरीतला तांबडा थर.

आता विचार करा. हजार अंशांहून जास्त तापलेल्या रसात मासा पडला तर त्याचे काय होईल? चुलीतल्या निखाऱ्यावर बोंबील पडला तरी राख होते. म्हणून काळ्या पाषाणाच्या आत मासा सापडणे शक्य नाही.

मग त्या दगडावरची नक्षी कसली? खडकाला बारीक चिरा असतात. त्यांतून पाणी झिरपते आणि पाण्याबरोबर मँगनीज व लोह येते. ते चिरेत साचताना झाडाच्या फांदीसारखे पसरत जाते. थंडीच्या दिवसांत पेटीच्या पत्र्यावर दव गोठून जशी नक्षी उठावी तसेच. कोणाला त्यात नेचा दिसतो, कोणाला माशाचा काटा. ओळखण्याची खूण सोपी आहे. नक्षी नुसती पृष्ठभागावर असते, तिला जाडी नसते. खऱ्या जीवाश्मात हाडाला जाडी असते, खवल्याला कड असते, आणि भिंगाखाली पाहिले तर त्याची घडण दिसते.

मासा दगड कसा होतो?

मासा मेला की त्याला दुसरे मासे खातात, खेकडे खातात, उरलेले कुजते. हजारातला एखादाच वाचतो. तो शांत पाण्याच्या तळाशी, बारीक गाळात पडावा लागतो. तळाच्या पाण्यात प्राणवायू कमी असावा लागतो, म्हणजे कुजणे मंदावते. मग वरून गाळाचा थर लवकर चढावा लागतो. पुढे लाखो वर्षांत गाळाचा दगड होतो आणि हाडांच्या जागी हळूहळू खनिज भरते. म्हणून मासे शोधायचे तर गाळाच्या दगडात शोधावे लागतात. चुनखडी, शेल, चिकणमातीचा दगड यांत ते मिळतात, शिलारसाच्या दगडात मिळत नाहीत.

आपण बाजारात पाहतो ते रोहू, कटला, मरळ, बोंबील हे सगळे मासे एका मोठ्या घराण्यातले. त्यांचा पर उघडून पाहा. छत्रीच्या काड्यांवर कापड ताणावे तसे पातळ कातडे हाडाच्या बारीक काड्यांवर ताणलेले असते. सूर्याच्या किरणांसारख्या त्या काड्या पसरतात, म्हणून यांना किरणपर मासे म्हणता येईल. आज जगातले बहुतेक सगळे मासे याच घराण्यातले आहेत. या घराण्याच्या ज्या जुन्या शाखा नष्ट झाल्या, त्यांचे दगडी अवशेष आपल्या महाराष्ट्रातच आहेत. त्यासाठी प्रवरेच्या पाण्याबरोबर पूर्वेकडे जावे लागेल.

प्राणहितेच्या काठचा मासा

आपली प्रवरा नेवासे तालुक्यात टोक्याजवळ गोदावरीला मिळते. गोदावरी पुढे मराठवाडा ओलांडते, तेलंगणात जाते, आणि गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाला सिरोंच्याजवळ तिला प्राणहिता येऊन मिळते. वर्धा आणि वैनगंगा एक होऊन झालेली ही नदी. तिच्या काठी कोटा नावाचे लहानसे गाव आहे. तिथला खडक आपल्या पाषाणापेक्षा फार जुना, आणि तो गाळाचा आहे. सुमारे सतरा-अठरा कोटी वर्षांपूर्वी तिथे गोड्या पाण्याची तळी होती. त्यांच्या तळाशी चुन्याचा बारीक गाळ बसला आणि त्या गाळात मासे जपले गेले.

गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, १८५० च्या सुमारास, कोट्याला जमिनीत बोअर घेण्याचे काम चालू होते. पाण्यासाठी नव्हे, जमिनीत काय आहे ते पाहण्यासाठी. त्या वेळी तिथल्या दगडात मासा मिळाला. तो लंडनला गेला आणि १८५१ साली कर्नल साइक्स यांनी तिथल्या भूशास्त्रीय संस्थेपुढे त्याची हकिकत मांडली. माशाचे वर्णन सर फिलिप एगर्टन यांनी केले. त्याला नाव मिळाले लेपिडोटीस डेक्कनेन्सिस, म्हणजे दख्खनचा खवल्यांचा मासा. पुढच्याच वर्षी डॉ. बेल यांनी त्या बोअरची आणि दगडी माशांची आणखी माहिती छापली.

हे साइक्स साहेब नगरला परके नव्हते. विल्यम हेन्री साइक्स यांना १८२४ साली मुंबई सरकारने दख्खनची आकडेवार माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले होते. पुणे, नगर, खानदेश आणि धारवाड या चार कलेक्टरी मुलखांचा अहवाल त्यांनी लिहिला. पिके, जमिनीची वहिवाट, पाऊस, पक्षी, प्राणी, सगळ्यांची नोंद केली. मासेही सोडले नाहीत. दख्खनच्या नद्यांतील माशांवरचा त्यांचा निबंध १८३९ साली प्रसिद्ध झाला.

त्यात एक गोष्ट मला फार आवडते. साहेबांनी पुष्कळ माशांना नावे दिली ती इथल्या लोकांच्या तोंडची. खुदरी, कोळस, पोटेल, नुक्ता, मुसुल्ला. लॅटिन पुस्तकात आजही हीच नावे चालतात. यांतला मुसुल्ला त्यांना मिळाला तो शिरूरजवळच्या घोड नदीत. तीच घोड, जी आपली आणि पुणे जिल्ह्याची शीव धरून वाहते. म्हणजे नदीकाठच्या माणसाने जे सांगितले, ते साहेबाने लिहून घेतले आणि त्यातून शास्त्र झाले.

कौलांसारखे खवले

कोट्याचा मासा टिकला तो मुख्यतः खवल्यांमुळे. रोहूचा खवला पातळ, नखाने वाकतो. लेपिडोटीसचा खवला जाड, चौकटीच्या आकाराचा. वर दाताच्या चकाकीसारखा थर, खाली हाड. असे खवले एकात एक अडकवून ओळीने बसवलेले, जशी घरावरची कौले. मासा कुजला तरी कौले राहतात. तोंडात गोल, बोथट दात होते. कठीण कवचाचे प्राणी चिरडून खाण्याला ते सोयीचे.

कोट्याला असा एकच मासा नाही. १८७८ साली एगर्टन यांनी तिथल्या आणखी माशांचे वर्णन केले. त्यांत टेट्रागोनोलेपिस नावाचा उंच पाठीचा, चपट्या अंगाचा मासा आहे. विसाव्या शतकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले सोहनलाल जैन यांनी या माशांचा पुन्हा बारकाईने अभ्यास केला. १९७३ साली पॅराडॅपेडियम या माशावर आणि १९८३ साली लेपिडोटीसवर त्यांचे निबंध आले. जगातल्या इतर ठिकाणच्या लेपिडोटीसशी आपल्या माशाची तुलना त्यांनी केली. गावाचे नाव लहान, पण कोटा हे नाव जगभरच्या जीवाश्मांच्या पुस्तकांत आहे.

वरोऱ्याचे तळे

दुसरी जागा चंद्रपूर जिल्ह्यातली. वरोऱ्याजवळ पिसदुरा आणि डोंगरगाव ही दोन गावे आहेत. इथली गोष्ट आपल्या पाषाणाच्या काळाची. शिलारस यायच्या बेतात होता, काही ठिकाणी येऊन गेला होता. अशा वेळी तिथे नद्या आणि तळी होती. काठाला अजस्र डायनोसॉर चरत होते. डोंगरगावच्या टेकडीतून निघालेल्या अशा एका डायनोसॉरचे वर्णन याच जैन यांनी शाश्वती बंद्योपाध्याय यांच्याबरोबर १९९७ साली केले. पिसदुऱ्याला डायनोसॉरचे शेणसुद्धा दगड होऊन सापडते. त्या शेणात गवताचे सूक्ष्म कण आहेत, हे २००५ साली शास्त्रज्ञांनी दाखवले. तोपर्यंत डायनोसॉरच्या काळात गवत नव्हते असेच मानले जाई. ज्वारी, बाजरी, ऊस, गहू ही सगळी गवताचीच लेकरे, तेव्हा ही बातमी आपल्या घरचीच म्हणायची.

डोंगरगावच्या माशांचे वर्णन लंडनचे आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ साली केले. त्यांत तीन तऱ्हा लक्षात ठेवण्याजोग्या. एक पिक्नोडस, ज्याच्या जबड्यात घेवड्याच्या दाण्यांसारखे गोल दात ओळीने बसवलेले. गोगलगायी आणि शिंपले फोडायला उत्तम जाते. दुसरा इओसेरॅनस हिस्लोपी, हा आजच्या काटेरी परांच्या माशांजवळचा. हिस्लोपी हे नाव नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून. हे पाद्री १८४५ साली नागपूरला आले. शाळा चालवता चालवता त्यांनी विदर्भातले जीवाश्म गोळा केले आणि १८६३ साली टाकळघाटाजवळ पुराच्या पाण्यात बुडून ते गेले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे.

तिसरा मासा म्हणजे गार. आपली थंडगार नव्हे आणि आभाळातली गारही नव्हे, इंग्रजीतले नाव तसे आहे. लांबोडा, सुसरीसारख्या तोंडाचा, अंगावर तीच चौकटी कौले. हा मासा आपल्याकडून नाहीसा झाला, पण उत्तर व मध्य अमेरिकेत आणि क्यूबात त्याच्या सात जाती आजही जगतात. पाण्यातला प्राणवायू संपला तर हा वर येऊन हवा घेतो. त्याचे कातडे इतके टणक की अमेरिकेतले सुरुवातीचे शेतकरी ते लाकडी नांगराला लावत असत, असे सांगतात. २०२३ साली काश्मीरच्या दल सरोवरात गार सापडला, तेव्हा तिथले लोक घाबरले. तो काचेच्या पेटीत पाळायला आणलेल्यांपैकी कोणी तरी सोडलेला असणार. आपल्याकडचे मूळचे गार दगडात राहिले, आणि परका गार पाण्यात आला. अशा परक्या माशाला आपल्या तळ्यात सोडणे म्हणजे मेंढवाड्यात लांडगा सोडणे.

हे सगळे मासे अखंड सापडतात असे नाही. बहुधा एकेक खवला, एकेक दात, मण्याएवढे एक मणक्याचे हाड. त्यासाठी माती पाण्यात भिजवतात, बारीक चाळणीने धुतात, आणि राहिलेला गाळ भिंगाखाली निवडतात. आपल्या बाया डाळ निवडतात त्याच चिकाटीचे हे काम आहे.

वीटभट्टीवरचा शेतकरी

तुम्ही म्हणाल, ही साहेबांची आणि पंडितांची कामे. आमचा काय संबंध? तर एका शेतकऱ्याची हकिकत ऐका. इंग्लंडात पीटरबरोजवळ आल्फ्रेड लीड्स नावाचे शेतकरी होते. त्या भागात विटांसाठी चिकणमाती खणत. खाणीतल्या मजुरांना हाडे दिसत. लीड्स त्या मजुरांशी ओळख ठेवून होते. हाड निघाले की ते जात, तुकडे जपून गोळा करत, घरी आणून जोडत. असे त्यांनी आयुष्यभर केले. त्यांच्या संग्रहातल्या एका प्रचंड माशाला १८८९ साली वुडवर्ड यांनीच नाव दिले, लीड्सिक्थिस, म्हणजे लीड्सचा मासा. आजवर माहीत असलेल्या किरणपर माशांत हा सर्वांत मोठा. त्याची लांबी पंधरा-सोळा मीटर असावी असा अंदाज आहे. आपल्या एका एस. टी. गाडीपेक्षा ती बरीच जास्त भरते.

लीड्स यांनी खाणीत काय निघते तेवढेच पाहिले नाही. कुठून निघाले, किती खोल निघाले, कोणते तुकडे एकत्र होते, तेही सांभाळले. जीवाश्माची किंमत तिथेच असते. जागेपासून तोडलेला मासा म्हणजे सात-बाराशिवायची जमीन. आहे खरी, पण कोणाची, कुठली, ते सांगता येत नाही.

आपल्या जिल्ह्यात काय मिळेल?

पाषाणात मासा नाही, म्हणून आपला जिल्हा रिकामा आहे असे समजू नका. प्रवरा आणि गोदावरी यांच्या काठच्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरांत नामशेष जनावरांची हाडे मिळालेली आहेत. नेवाशाला १९५४ पासून डॉ. ह. धी. सांकळिया यांनी डेक्कन कॉलेजतर्फे उत्खनन केले. प्रवरेच्या थरात दगडी हत्यारांबरोबर नामशेष रानटी बैलाची हाडेही सापडली. १९५६ साली त्यांनी त्यावर निबंध लिहिला. माशांच्या मानाने ही हाडे कालची, पण माणसाच्या मानाने फार जुनी.

तेव्हा नदीकाठच्या दरडीत, विहिरीच्या गोट्यात, वाळू उपसताना जड, दगड झालेले हाड दिसले तर पुढच्या गोष्टी करा.

पहिली, पहारीने उकरू नका. तिथेच असू द्या. कोपऱ्यावर एखादे रुपयाचे नाणे ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळेल.

दुसरी, जागा लिहून ठेवा. गाव, गट नंबर, वरून किती फूट खाली, कोणत्या थरात.

तिसरी, घासून धुऊ नका, लिंबू किंवा ॲसिड तर अजिबात लावू नका. चुन्याचा भाग त्याने विरघळतो. ओले असेल तर सावलीत हळू वाळू द्या.

चौथी, तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या कॉलेजातल्या भूगोल किंवा भूशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. हाडे आणि दगडी हत्यारे असतील तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय नागपूरला आहे.

पाचवी, लाखाचे आमिष दाखवून दगड मागणाऱ्याला देऊ नका. खरा असेल तर त्याची जागा पुसली जाईल, खोटा असेल तर तुमचे नाव त्यात गोवले जाईल.

शेवटी एक सांगायचे राहिले. साइक्स साहेबाने घोड नदीत पाहिलेला मुसुल्ला आज धोक्यात आलेल्या माशांच्या यादीत आहे. नुक्ताही त्याच यादीत आहे. कौलांचे चिलखत घालणारे मासे गेले, तिथे या साध्या खवल्याच्या माशांचे काय? वाळू उपसलेली, मळी सोडलेली, उन्हाळ्यात डबकी झालेली नदी त्यांना पुरत नाही. तुमच्या वडिलांना किंवा आजोबांना नदीत कोणते मासे मिळत, त्यांना ते काय म्हणत, एवढे जरी वहीत उतरवून ठेवलेत तरी ते मोठे काम होईल. दोनशे वर्षांपूर्वी याच पद्धतीने नावे लिहिली गेली, म्हणून आज आपल्याला कळते की काय होते आणि काय कमी झाले.

त्या वस्तीवरच्या मालकांना मी निघताना म्हणालो, "दगड म्हातारीच्या देवघरातच असू द्या. तो मासा नाही, पण पाणी चिरेतून कसे झिरपते ते त्याने लिहून ठेवलेले आहे. विहिरीच्या त्याच अंगाला थोडे पाहा." ते हसले. पाणी लागले का, ते मला अजून कळलेले नाही. कळले की तुम्हालाही सांगेन.